पीपीएफचे पैसे, कासवं आणि ग्रीन बाँड

२०२२ मध्ये माझं पीपीएफ मॅच्युअर झालं. रक्कम डोळे दिपतील अशी नव्हती, पण एकरकमी आली ना, मग घरात जे व्हायचं तेच झालं. नवरा म्हणाला होम लोनचं प्रीपेमेंट कर, आई म्हणाली थोडं सोनं घेऊन ठेव, आणि मी म्हटलं यातला एक हिस्सा मला पर्यावरणासाठी बाजूला काढायचाय. नवरा अकाउंट्समधला माणूस, त्याने शांतपणे विचारलं, "पर्यावरणासाठी म्हणजे नक्की कोणाच्या खात्यात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं दीड-दोन वर्ष जे काही केलं ते या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच गेलं, आणि अजूनही कोणी असं काही करायचं म्हणालं तर मी हाच प्रश्न विचारते.

बाजूला काढलेल्या पैशांचे मी दोन भाग केले. एक देऊन टाकायचा, परत येणार नाही असा. दुसरा गुंतवायचा, पण अशा ठिकाणी की निदान कोळशात नि तंबाखूत जाऊ नये.

आधी देण्याचं सांगते. पर्यावरण म्हटलं की पहिल्यांदा समोर येतात ती झाडं. इतके रुपये भरा, तुमच्या नावाचं झाड लावतो, सर्टिफिकेट देतो, लोकेशन पाठवतो. ऑफिसमध्ये कोणाचा वाढदिवस असला की आम्ही हेच गिफ्ट द्यायचो, त्यामुळे एक-दोन सर्टिफिकेटं माझ्याकडेही होती. म्हटलं चला, पैसे भरण्याआधी विचारून तरी बघू. मेल केला, की उन्हाळ्यात पाणी कोण घालतं, आणि तीन वर्षांनी किती झाडं जगलेली असतात. उत्तरात लागवडीच्या दिवसाचे फोटो आले. टी-शर्ट घातलेली मुलं, खड्डे, रोपं, हसरे चेहरे. परत विचारलं तर परत तेच फोटो. मग एका रविवारी आम्ही गाडी काढून त्या लोकेशनवर गेलोच, सासवडच्या पुढे. उघडा माळ, मार्चचं ऊन, ओळीत खड्डे, बऱ्याच खड्ड्यांत वाळलेल्या काड्या, आणि जी जगली होती त्यात निम्मी गिरिपुष्प, म्हणजे मूळचं परदेशी झाड. तिथे मेंढ्या घेऊन एक बाबा उभे होते, ते म्हणाले इथं कधी झाडं नव्हतीच, इथं गवत येतं, दिवाळीपर्यंत कमरेएवढं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की माळरान म्हणजे काही मोकळी पडलेली जागा नव्हे. लांडगा, चिंकारा, चंडोल ही सगळी या गवतातलीच मंडळी, आणि आपण तिथे पैसे देऊन झाडं लावतोय म्हणजे त्यांच्या घरात घुसून फर्निचर लावल्यासारखं. त्यानंतर झाडवाल्यांना मी रामराम ठोकला. झाडं लावणं वाईट असं म्हणत नाहीये हं, कोणतं झाड, कुठे, आणि चौथ्या वर्षी त्याच्याजवळ कोण असणार, या तीन गोष्टी जो सांगेल त्याला जरूर द्या.

मग माझ्या वहिनीच्या माहेरच्या ओळखीतून रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या ट्रस्टचा नंबर मिळाला. किनाऱ्यावर कासवांचं काम करणारी माणसं. यातलं वेळास गाव सगळ्यांना माहीत असतं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं, पुढे गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासव महोत्सव सुरू झाला, आता सीझनला घरोघरी पर्यटक राहतात आणि अंडी चोरून विकण्यापेक्षा पिल्लं दाखवण्यात गावाला जास्त पैसे मिळतात. मी ज्यांना देते ते वेळासचे नाहीत, त्यांच्याकडे पर्यटक-बिर्यटक कोणी फारसं येत नाही, म्हणूनच गरज जास्त.

पैसे देण्याआधी जाऊन बघायचं ठरलं. फेब्रुवारीत गेलो. तिथले कासवमित्र पहाटे अंधारात किनाऱ्यावर निघतात, म्हटलं मीही येते. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री येऊन अंडी घालून जाते, मागे राहतो तो वाळूतला तिच्या पायांचा माग, आणि तो माग कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी आपल्याला सापडला पाहिजे. कासवमित्र दादा टॉर्च मारत झपाझप चालत होते, मी मागे धापा टाकत. एका ठिकाणी थांबले, माग वर जाऊन परत फिरलेला, मध्ये वाळू विस्कटलेली. गुडघ्यावर बसून हातानेच उकरायला लागले, कोपरापर्यंत हात आत गेला, आणि मग एकेक अंडं बाहेर, पांढरं, गोल, ओलसर. मोजत मोजत शंभरच्या पुढे गेले. मी उत्साहाने एक उचलायला गेले तर म्हणाले, "ताई, फिरवू नका हां, जसं हाय तसंच ठेवायचं, उलटंपालटं झालं तर आतला जीव मरतो." मग खड्ड्याची खोली वीतभर-वीतभर मोजली, अंडी त्याच वाळूत बादलीत ठेवली, आणि हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जाळीच्या कुंपणात, नेऊन तेवढाच खोल, खाली मडक्यासारखा फुगीर खड्डा करून पुरली. वर तारीख नि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. आता साधारण पन्नासेक दिवस त्या जाळीच्या कुंपणाकडे बघत बसायचं.

परत येताना मी विचारलं की तुम्हाला नक्की काय लागतं. मला वाटलं होतं मोठं काहीतरी सांगतील, रेस्क्यू सेंटर वगैरे. ते हसले. म्हणाले, "बोर्ड नको. बोर्ड भरपूर झाले." खरंच, किनाऱ्यावर यायच्या वाटेवर 'कासव वाचवा'चे तीन बोर्ड होते, प्रत्येकावर वेगळ्या देणगीदाराचा लोगो. आणि ज्या माणसाच्या हातावर सगळं चाललंय त्याला मानधन मिळतं ते हंगामापुरतं, बाकीचे महिने तो आंब्याच्या बागेत मजुरीला. लागतं काय, तर पेट्रोल, टॉर्चचे सेल, जाळी दरवर्षी कुजते म्हणून नवी जाळी, बांबू, आणि पावसाळ्यातही गावात राहता येईल इतपत पैसे. या असल्या गोष्टींचा फोटो चांगला येत नाही, त्यामुळे त्याला कोणी देत नाही. मी तिथेच ठरवलं की आपले पैसे याच्यातच जातील, पगारात, पेट्रोलमध्ये, जाळीत, आणि एकदाच सगळे देण्यापेक्षा दरवर्षी ठरलेले.

आता कागदपत्रं. इथे नवरा कामाला आला. ट्रस्टचे कोषाध्यक्ष म्हणजे रिटायर्ड हायस्कूल शिक्षक, त्यांना फोन करून मी भीत भीत म्हटलं की ऑडिट रिपोर्ट बघायला मिळेल का, तर ते उलट खूश, म्हणाले आजवर कोणी मागितलाच नाही हो! धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट जो हिशोब देतात तो ठरलेल्या नमुन्यात असतो, शेड्यूल आठ म्हणजे ताळेबंद आणि शेड्यूल नऊ म्हणजे जमाखर्च. गंमत म्हणजे शेड्यूल नऊमध्ये ट्रस्टच्या उद्देशांवरचा खर्च दाखवायला ओळी आहेत त्या धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण, आणि शेवटी 'इतर धर्मादाय उद्देश'. कासव, जंगल, नदी, गिधाड, सगळं त्या 'इतर'मध्ये कोंबायचं. नवऱ्याने त्यात दोनच गोष्टी पाहिल्या: उद्देशांवरचा खर्च किती आणि ऑफिसखर्च किती, आणि मागच्या तीन वर्षांत हे प्रमाण एकदम कुठे उडी मारतंय का. ऑफिसखर्च शून्य दाखवणाऱ्यांवर त्याचा उलट जास्त संशय असतो, कारण माणसं हवा खाऊन काम करत नाहीत.

मी पत्रात लिहिणार होते 'कॉर्पस डोनेशन', ऐकायला भारदस्त वाटतं. त्या कोषाध्यक्ष सरांनी फोन करून सांगितलं, "ताई, कॉर्पस लिहू नका, लिहिलंत तर ती रक्कम आम्हाला बँकेत गुंतवून ठेवावी लागेल आणि फक्त व्याज वापरता येईल, मग या वर्षीची जाळी कशातून आणू?" मग पत्रात सरळ लिहिलं की ही देणगी चालू खर्चासाठी, कासवमित्रांचं मानधन आणि फिल्डवरचा खर्च यासाठी वापरावी. ही एक ओळ लिहिली की त्यांनाही बरं पडतं, कारण कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, पैसे आले तर बहुतेकदा वस्तू मागतात, दिसेल असं काहीतरी, आणि पगाराला हात आखडता.

८०जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीबद्दल सगळे विचारतात म्हणून पटकन. अशा ट्रस्टला दिलेल्या देणगीच्या साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात वरची मर्यादा आहे, आणि हे सगळं जुन्या टॅक्स रेजिममध्येच, नव्यात नाही. कॅश दोन हजारच्या वर दिली तर वजावट विसरा. ट्रस्टने देणगीदारांची माहिती आयकर खात्याच्या फॉर्ममध्ये (माझ्या वेळी १०बीडी) भरली की सर्टिफिकेट (तेव्हाचं १०बीई) निघतं, नुसती पावती पुरत नाही. ट्रस्टचं रजिस्ट्रेशनही आता कायमचं नसतं, ठरावीक वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तेव्हा तारीख बघून घ्या. माझं होम लोन चालू असल्यामुळे मी जुन्याच रेजिममध्ये होते, म्हणून थोडाफार फायदा झाला. पण टॅक्स वाचतो म्हणून देणगी देणाऱ्यांचं गणित मला कळत नाही, शंभर देऊन तीस टक्क्यांच्या स्लॅबलाही पंधरा वाचतात, पंच्याऐंशी तर गेलेच ना!

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला फोटो पाठवले तर तो आणि वहिनी दोघंही म्हणाले आम्हीपण देतो. इथे मजा झाली. भाऊ ग्रीन कार्डवर आहे, पासपोर्ट भारतीय, त्यामुळे त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत, सरांनी फक्त पासपोर्टची कॉपी मागून घेतली. वहिनीने मात्र अमेरिकन सिटिझनशिप घेतलेली, म्हणजे ती कायद्याने परदेशी, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. तिच्याकडून घ्यायचं तर ट्रस्टला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन हवं, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला लागतात. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या पाच-सहा माणसांच्या ट्रस्टने हे कधी करायचं! लहानपणापासून त्या किनाऱ्यावर खेळलेली वहिनी परदेशी, आणि समुद्राला लांबून नमस्कार करणारा माझा भाऊ स्वदेशी. ती जाम वैतागली. शेवटी भाऊच देतो, स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावाने.

आता गुंतवणूक. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात ईएसजी नावाचे म्युच्युअल फंड एकामागून एक निघाले होते, ऑफिसमधल्या एकीच्या सांगण्यावरून मी त्यातल्या एकात एसआयपी चालू केलेली. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार, या तिन्हीत बऱ्या असलेल्या कंपन्या. नवऱ्याच्या त्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा फॅक्टशीट, म्हणजे फंडाने पैसे कुठे लावलेत तो कागद, नीट उघडली. वरच्या दहा कंपन्या बघते तर बँका, आयटी, परत बँक, परत आयटी. माझ्या दुसऱ्या साध्या लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांच्या) फंडाची फॅक्टशीट शेजारी ठेवली तर निम्म्याहून जास्त नावं तीच. मी सोलर, पवनचक्की, पाणी असलं काही शोधत होते.

मग त्याच्या मागे लागले. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि समाजाबद्दलच्या जबाबदारीचा रिपोर्ट द्यावाच लागतो, वार्षिक अहवालातच असतो, फुकट, कोणालाही वाचता येतो. त्यात नऊ प्रिन्सिपल आहेत, सहावं पर्यावरणाचं. मी एका बँकेचा उघडला. वीज किती वापरली, पाणी किती, कचरा किती, स्वतःचं उत्सर्जन किती. बँकेला कारखाना थोडाच असतो, एसी, लिफ्ट, जनरेटर, संपलं. त्यामुळे आकडे एकदम गोजिरे. पण ती बँक कर्ज कोणाला देते, त्या कर्जावर कुठला प्लांट उभा राहतो, तो धूर बँकेच्या खात्यात येतो 'स्कोप तीन'मध्ये, आणि स्कोप तीन या रिपोर्टमध्ये ऐच्छिक कलमांत आहे. वाटलं तर भरा. मग ईएसजीच्या यादीत बँका वर आणि स्टील-सिमेंट खाली, हे होणारच. यात चोरी कोणाचीच नाही, मोजपट्टीच तशी आहे. जिज्ञासूंनी वाचायचंच असेल तर सगळा रिपोर्ट वाचत बसू नका, प्रिन्सिपल सहा काढा आणि कुठल्या गोष्टीला 'लागू नाही' लिहिलंय तेवढं बघा.

२०२३ च्या जुलैमध्ये सेबीने या फंडांना शिस्त लावली. सहा प्रकार पाडले, म्हणजे नुसतं वाईट कंपन्या वगळणारा फंड वेगळा, क्षेत्रातल्या त्यातल्या त्यात चांगल्या निवडणारा वेगळा, बदलाच्या वाटेवर असलेल्या कंपन्यांचा वेगळा, असं. निदान ऐंशी टक्के पैसे त्या जाहीर केलेल्या धोरणानेच लावायचे, आणि कंपन्यांच्या मीटिंगमध्ये फंडाने मत कसं नि का दिलं तेही सांगायचं. मला यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण आपण फंडातून जो शेअर घेतो तो बाजारात आधीच असलेला शेअर, पैसे जातात आधीच्या शेअरहोल्डरला, कंपनीला त्यातून सोलर लावायला दमडी मिळत नाही. मग आपल्या पैशाने होतं काय, तर मतदानाचा हक्क येतो, आणि तो फंडवाले आपल्या वतीने वापरतात. तो वापरतायत का हे बघायचं. माझ्या फंडाची मतदानाची यादी मी अधूनमधून उघडते, बहुतेक ठिकाणी 'बाजूने' असतं, डायरेक्टरची नेमणूक, ऑडिटरची फी. पर्यावरणावर विरोधात गेल्याचं अजून काही मला दिसलं नाही. एसआयपी चालू ठेवली आहे, रिटायरमेंटसाठी. पर्यावरणासाठी गुंतवलेले पैसे म्हणून ती मोजत मात्र नाही.

मोजते ते बाँड. ग्रीन बाँड म्हणजे फक्त पर्यावरणाच्या कामांसाठी घेतलेल्या कर्जाचे रोखे. केंद्र सरकारने पहिले सॉव्हरिन (म्हणजे सरकारी) ग्रीन बाँड काढले २५ जानेवारी २०२३ ला, नंतर फेब्रुवारीत, मिळून सोळा हजार कोटींचे. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर आपल्यासारख्यांनाही घेता येतात, कमीत कमी दहा हजार रुपये, ब्रोकर नाही, फी नाही. खातं उघडताना पॅन, बँक खातं, व्हिडिओ केवायसी, नॉमिनी, सगळं सुरळीत झालं असं म्हणायचा मोह होतोय पण माझी सही पॅनवरच्या सहीशी जुळेना म्हणून दोनदा परत आलं. नॉन-कॉम्पिटिटिव्ह बोली लावायची, म्हणजे दर आपण सांगायचा नाही, लिलावात जो ठरेल तो घ्यायचा. मला पाच वर्षांचा मिळाला, ७.१० टक्के, २०२८ ला मॅच्युअर. दहा वर्षांचा ७.२९ होता. व्याज सहा महिन्यांनी आपोआप खात्यात. साध्या सरकारी रोख्यापेक्षा दर केसभर कमी होता, त्याला बाजारात ग्रीनियम म्हणतात.

हे पैसे जातात कुठे, तर आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत, आणि मग यादीतल्या प्रकल्पांना. कोळसा-तेलवाले प्रकल्प बाद, अणुऊर्जा बाद, पंचवीस मेगावॉटच्या वरचे जलविद्युत प्रकल्पही बाद. मेट्रो, इलेक्ट्रिक लोकोमोटिव्ह चालतात. नवरा म्हणाला सरकार मेट्रो तशीही बांधणारच होतं, तुझ्या दहा-वीस हजारांनी काय फरक पडला? बरोबर आहे त्याचं. पण निदान सरकारला एक यादी करून जाहीर सांगावं लागलं की हे पैसे कशावर खर्च झाले, एवढं साध्या रोख्यात होत नाही.

त्याच्या पाठोपाठ इंदूर महापालिकेचा ग्रीन बाँड आला, फेब्रुवारी २०२३, २४४ कोटी, ८.२५ टक्के, आणि तो मला जास्त भावला. इंदूरला माझी मावशी आहे, तिच्या नळाला येतं ते नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून पंपाने चढवून आणतात, विजेचं बिल महापालिकेला महिन्याला कोट्यवधी. बाँड होता त्याच पंपांसाठी साठ मेगावॉटचा सोलर प्लांट उभारायला. म्हणजे कर्ज कशाला, फेडणार कोण, वाचणार काय, सगळं डोळ्यासमोर. चार तुकड्यांत, तीन, पाच, सात, नऊ वर्षांनी परत मिळणारा. मावशीला अभिमान आणि शंका दोन्ही. "अगं, तुमच्या पुण्याला काढायला सांग की असलं काही," असं ती वर ऐकवते. जोखीम सरकारी रोख्यापेक्षा जास्त हे उघड आहे, महापालिका म्हणजे रिझर्व्ह बँक नव्हे, आणि मधेच विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. म्हणून थोडेच घेतले.

मधल्या काळात बँकेतल्या ग्रीन डिपॉझिटचीही, म्हणजे पर्यावरणाच्या कामांतच पैसे लावणाऱ्या एफडीची, चौकशी केली. रिझर्व्ह बँकेची त्यासाठी चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे. शाखेतल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं, मग आत जाऊन विचारून आली, आणि म्हणाली मॅडम, रेट नेहमीच्या एफडीपेक्षा कमी आहे, तुम्ही नेहमीचीच घ्या ना. पैसे कशात लावता त्याचा रिपोर्ट कुठे बघायचा हे तिलाही माहीत नव्हतं, सायबांनाही नव्हतं. सोडून दिलं.

सध्या असं चाललंय की बाँडचं सहामाही व्याज ज्या खात्यात येतं त्याच खात्यातून जूनमध्ये ट्रस्टला पैसे जातात, जाळी-बांबूची खरेदी दिवाळीनंतर असते म्हणून सरांनीच सांगितलं की आधी आले तर बरं. मुद्दल परत मिळणार २०२८ ला. नवरा म्हणतो तेव्हा परत बाँडच घे, व्याजातून देणगी चालू राहील. मी म्हणते निम्मी मुद्दल ट्रस्टला देऊन टाकायची, कारण कासवमित्र दादांची मुलगी मरीन बायोलॉजीला गेलीय आणि तिला गावातच पगारी काम द्यायचं सरांच्या डोक्यात आहे. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.